बरोबरीत सुटलेली कुस्ती

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी दोन आकडे तो बिनचूक सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, तालमीच्या कट्ट्यावर सकाळपासून एकच प्रश्न असतो, "किती झालं?" पाणी इंच-इंच मोजलं जातं, म्हणून जनावरं वेळेत हलतात, माणसं हलतात. २०१९ ला आणि २०२१ ला मोजूनही दैना झाली ती गोष्ट वेगळी.

आता याच माणसाला दुसरा प्रश्न विचारा. तुमच्या पोराच्या वर्गातल्या मुलांपैकी किती जणांच्या पोटात जंत आहेत? तो तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. शाळेच्या मास्तरांना विचारा, ते सांगतील, "गोळी दिली की फेब्रुवारीत." किती गोळ्या आल्या, किती वाटल्या, किती उरल्या, हे सगळं रजिस्टरात असतं. पोटात काय होतं आणि गोळीनंतर काय उरलं, याचा रकानाच नाही.

मी तीसेक वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. रक्त, लघवी, थुंकी आणि शौचाचे नमुने. लग्नाच्या पंगतीत कुणी "काय करता?" विचारलं, तर मी "रक्त तपासतो" एवढंच सांगायचो, कारण खरं सांगितलं की शेजारचा माणूस बासुंदीची वाटी लांब सरकवायचा. पण खरं शिकलो ते त्या काचपट्टीवर. मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात काडीनं मिसळलेला कणभर मळ, वर पातळ काच. गोलकृमीचं अंडं पिवळसर तपकिरी, वरून खडबडीत, जणू उन्हात वाळलेलं फळ. चाबूककृमीचं अंडं पिंपासारखं, दोन्ही टोकांना बूच मारलेलं. हुककृमीचं अंडं बघायला सगळ्यात देखणं, पातळ पारदर्शक कवच आणि आत दोन-चार पेशी नुकत्या विभागलेल्या. देखणं म्हणालो खरं, पण हेच सगळ्यात महागात पडतं.

या लेखात मला एकच भांडण मांडायचंय. जंतनाशक गोळीला आपण लसीसारखं वागवतो. ठरलेला दिवस, रांग, फोटो, टक्केवारी, झालं. पोलिओच्या थेंबाचा आणि या गोळीचा सोहळा एकसारखाच दिसतो. पण ती लस नाही. लस शरीराला काहीतरी शिकवून जाते. ही गोळी काहीच शिकवत नाही. आतले जंत काढते आणि दोन दिवसांत शरीरातून निघून जाते. ती गेल्यावर पोर तितकंच उघडं असतं, जितकं आदल्या दिवशी होतं. असं का, हे समजायचं तर शरीर जंतांशी कसं झुंजतं ते आधी बघायला हवं. तो भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा रेंगाळणार आहे.

आपल्या प्रतिकारशक्तीची ओळख आपल्याला जिवाणू-विषाणूंमुळे झालेली असते. पांढरी पेशी येते, जिवाणूला गिळते, पचवते. पण गोलकृमी १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे वीतभर, कधी दीड वीत. डोळ्याला न दिसणारी पेशी त्याला गिळणार कशी? मुंगीनं अजगर गिळावा, तशातली गत. तेव्हा शरीराकडे या पाहुण्यासाठी निराळा डाव असतो. मारता येत नसेल तर उखडायचं, घसरवायचं, बाहेर ढकलायचं.

या डावाची सुरुवात कुठून होते हे अगदी अलीकडे कळलं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या थोड्या पेशी विखुरलेल्या असतात. डोक्यावर केसांचा झुपका असावा तशा दिसतात, म्हणून ते नाव. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कित्येक दशकं दिसत होत्या, पण त्या करतात काय हे नीट ठाऊक नव्हतं. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर काम करून जवळजवळ एकाच वेळी दाखवलं, की या पेशी पहारेकरी आहेत. आतड्यात जंत आला की त्यांना चाहूल लागते आणि त्या इंटरल्युकिन-२५ नावाचा निरोप सोडतात. तो निरोप आयएलसी-२ या प्रतिकारशक्तीच्या पेशींना पोचतो. २०१० च्या आसपास ओळख पटलेल्या या पेशी इंटरल्युकिन-१३ ओततात. मग अस्तराचं रूपच पालटतं. टफ्ट पेशी वाढतात, शेंबडासारखा चिकट स्राव सोडणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढतात, आतड्यात पाणी उतरतं, स्नायू जोरात आकसतात, अस्तराच्या पेशी भराभर गळून नव्या येतात. जंताच्या पायाखालची जमीनच सरकते, असं म्हटलं असतं, पण त्याला पाय नसतात.

उंदराच्या आतड्यातला एक जंत या डावानं दहा-बारा दिवसांत बाहेर पडतो. निकाली कुस्ती.

माणसात मात्र तसं होत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. गोलकृमी माणसाच्या आतड्यात एक ते दोन वर्षं राहतो. हुककृमी त्याहून जास्त, काही वर्षं. आयएलसी-२ आहेत, टफ्ट पेशी आहेत, निरोप जातोय, तरी पाहुणा मुक्कामाला आहे. का? एक तर जंत मुकाट्यानं मार खात नाही. उंदरातल्या एका जंताबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन वाचून मी थक्क झालो होतो. तो जंत एक असं प्रथिन सोडतो, की ते यजमानाच्याच शांतता राखणाऱ्या संदेशाची, टीजीएफ-बीटाची, नक्कल करतं. गंमत अशी, की रचनेनं ते त्या संदेशासारखं मुळीच नाही. किल्ली वेगळ्याच कारखान्यात घडवलीय, पण कुलूप तेच उघडतं. त्यामुळे प्रतिकार आवरणाऱ्या, रेग्युलेटरी टी पेशी जाग्या होतात. माणसातही जंत दीर्घकाळ राहिले की अशा पेशी आणि इंटरल्युकिन-१० हा शांतवणारा संदेश जोरावर असल्याचं आढळतं.

दुसरं कारण शरीराच्या बाजूचं आहे. आतड्यात सतत आग पेटती ठेवणं जंतांपेक्षाही महाग पडेल. म्हणून शरीर तडजोड करतं. कोल्हापूरकराला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. दोन मल्ल तासभर एकमेकांना दमवतात, कुणीच चितपट होत नाही आणि पंच जोड बरोबरीत सोडवतात. इथेही तेच होतं. फरक एवढाच, की या कुस्तीनंतर खुराक एकाच्याच घरचा जातो.

किती जातो? नेकेटर जातीचा एक हुककृमी दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. दिसायला काहीच नाही. पण शंभर जंत असले की दिवसाला ३ मिलिलिटर, महिन्याला ९० मिलिलिटर. त्यातलं थोडं लोह आतड्यात पुन्हा शोषलं जातं हे मान्य. तरी जिच्या ताटात भाकरी आणि पातळ आमटीच आहे, जिची मासिक पाळी चालू आहे, तिनं हे कर्ज फेडायचं कुठून? १८८० च्या सुमारास आल्प्समध्ये सेंट गोथार्डचा बोगदा खणणारे मजूर पांढरेफटक पडून मरत होते, त्यामागे हुककृमीच निघाला, फक्त जात दुसरी.

एक दुरुस्ती करतो, नाहीतर मी शरीराला अगदीच बिचारं ठरवतोय असं वाटेल. अळ्यांच्या बाबतीत शरीर बऱ्यापैकी लढतं. गोलकृमीचं अंडं पोटात फुटलं की अळी तिथेच थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते, दहा-चौदा दिवस काढते, खोकल्याबरोबर घशात येते आणि गिळली गेली की परत आतड्यात. १९२२ मध्ये जपानच्या कोइनो या संशोधकानं गोलकृमीची २,००० अंडी स्वतः गिळली आणि न्यूमोनियासारख्या आजारात स्वतःच्याच थुंकीत अळ्या शोधल्या. असल्या माणसांना काय म्हणावं मला कळत नाही, पण आपण त्यांचे ऋणी आहोत. या प्रवासात अळी रक्तात आणि ऊतींत असते, म्हणजे शरीराच्या आवाक्यात. तिथे आयजी-ई ही प्रतिपिंडं तिला चिकटतात, मास्ट पेशी फुटतात आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, पोटात विषारी प्रथिनांच्या पुड्या घेऊन. आपल्याकडे सीबीसीच्या रिपोर्टवर 'इओसिनोफिल वाढलेत' असं दिसलं की डॉक्टर दोनच शक्यता सांगतात, ॲलर्जी किंवा जंत. दोन्हीकडे शिपाई तेच. परागकणावर चुकून तुटून पडणारी ही फौज मुळात जंतांसाठीच घडली असावी, असं मानणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत.

पण अळी आतड्याच्या पोकळीत परतून मोठी झाली की शिपायांची वेस संपते.

मग इतक्या वर्षांच्या झुंजीतून शरीर काही शिकतं का? थोडं आणि फार हळू. गोलकृमी आणि चाबूककृमी यांचा भार ५ ते १५ या वयात सर्वात जास्त असतो, पुढे उतरतो. त्यात शरीर शहाणं होण्याचा भाग किती आणि मातीत खेळणं सुटण्याचा किती, यावर वाद आहे. हुककृमीत तर उलटंच. त्याचा भार वयाबरोबर चढत जाऊन मोठ्या माणसांत टिकून राहतो. गोवर एकदा झाला की जन्माची सुटका होते. तशी सुटका इथे नाही.

याचा हिशोब आकड्यांत मांडलेला आहे. गोळी दिल्यानंतर पुन्हा लागण किती होते, याचे जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. गोळीआधी जितक्यांत गोलकृमी होता, त्याच्या ६८ टक्के पातळी सहा महिन्यांत परत आली आणि बारा महिन्यांत ९४ टक्के. चाबूककृमी वर्षभरात ८२ टक्क्यांवर. हुककृमी जरा सावकाश, ५७ टक्के. म्हणजे वर्षभरानं गोलकृमीच्या बाबतीत गाडी जवळपास मूळ स्टँडवरच येऊन उभी.

आपला राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ ला सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, वय १ ते १९, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांच्या आतल्याला अर्धी गोळी, चावून खायची. अंगणवाडी ताई आणि शिक्षक हे काम इमानानं करतात. मी स्वतः पाहिलंय, गोळी घशात अडकू नये म्हणून ताई लहान पोरांसाठी ती चमच्यानं चुरून देतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. गोळीशीही नाही. स्वस्त आहे, सुरक्षित आहे, ज्या पोराच्या पोटात जंतांचा गुंता आहे त्याला तिनं नक्की उतार पडतो. चाबूककृमीवर मात्र एका डोसनं ती बरीच तोकडी पडते, हेही सांगायला हवं.

भांडण आहे ते 'झालं' या शब्दाशी.

उत्तर भारतात डेव्टा नावाचा एक प्रचंड प्रयोग झाला. दहा लाख लहान मुलं, पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल. निकाल २०१३ मध्ये आले. बालमृत्यूंत ठळक फरक नाही, वजनातही सांगण्यासारखा नाही. दुसरीकडे केनियातल्या शाळांवरचा २००४ चा अभ्यास, ज्यात गोळीनंतर हजेरी वाढल्याचं दिसलं. तो करणाऱ्यांतले मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या दोन टोकांवरून तज्ज्ञ एकमेकांवर कसे तुटून पडले, ते वाचताना मला पेठापेठांतल्या फुटबॉल सामन्यांची आठवण आली. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात. जिथे जंतांचा भार मोठा आहे तिथे गोळी उपयोगी पडते. जिथे भार हलका आहे, किंवा गोळीनंतर पोर त्याच मातीत परत जातंय, तिथे सरासरी हलत नाही. म्हणूनच आधी मोजायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचा निकषही मोजणीवरच बेतलाय. प्रमाण २० टक्क्यांच्या वर असेल तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांच्या वर तर दोनदा. राज्य पातळीवर अधूनमधून पाहण्या होतात, पण गगनबावड्याची ओलीचिंब वाडी, शिरोळचा नदीकाठ आणि राजारामपुरीतला फ्लॅट यांची सरासरी काढून कुणाला काय कळणार? त्यातही जंत सगळ्यांत सारखे वाटलेले नसतात. थोड्याच माणसांच्या पोटात बहुसंख्य जंत असतात. ती माणसं कोण आणि राहतात कुठे, हे तपासल्याशिवाय दिसत नाही.

"शौच तपासायची म्हणजे केवढा व्याप!" असं एक अधिकारी मला म्हणाले होते. व्याप आहेच. पण काटो-कॅट्झ नावाची पद्धत अर्ध्या शतकाची जुनी आहे. ४१.७ मिलिग्रॅम मळ मावेल अशी भोक पाडलेली छोटी पट्टी, ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेन आणि सूक्ष्मदर्शक. अंडी मोजायची, २४ नं गुणायचं, एका ग्रॅममधला आकडा हातात येतो. तालुक्यातल्या दहा-बारा शाळा निवडून गोळीच्या आधी आणि सहा महिन्यांनी हे करायला किती तंत्रज्ञ लागतील? दक्षिण कोरियानं तर देशभरच्या शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा तपासणी १९६९ पासून पाव शतक चालवली. १९७१ मध्ये तिथल्या ८४ टक्के लोकांच्या शौचात जंतांची अंडी होती. १९९७ मध्ये २.४ टक्के. त्या काळात तिथे औषध दिलं गेलंच, पण शेतात मैला टाकणं थांबलं, संडास सुधारले, घरं बदलली.

आपल्या जुन्या वैद्यांना हा क्रम ठाऊक होता, हे मला उशिरा कळलं. चरकसंहितेत कृमींच्या उपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. अपकर्षण, म्हणजे कृमी ओढून काढणं. प्रकृतिविघात, म्हणजे कृमींना मानवणारी परिस्थिती मोडणं. निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणानं ते होतात ते टाळणं. घराघरात पहिली पायरी तेवढी टिकली. बाळघुटीत वावडिंग उगाळलं, किरमाणी ओवा दिला, आणि आता अल्बेंडाझोल. औषध बदललं, पायरी तीच.

कारणाबद्दल तर आपल्याकडे भलतेच समज. "गूळ खाऊन पोराला जंत झाले." मी हे काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय, की शेवटी वाद घालणं सोडलं. गुळानं जंत होत असते तर कोल्हापूर जिल्हा एव्हाना ओस पडला असता. झोपेत दात खाल्ले म्हणजे जंत, हेही तसंच. जंत होतात एकाच गोष्टीनं. दुसऱ्याच्या पोटातून बाहेर पडलेलं अंडं किंवा अळी आपल्या तोंडात किंवा कातडीत शिरणं. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाख अंडी घालते. ती ताजी असताना लागत नाहीत. ओल्या, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे पिकावी लागतात, आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ती भीक घालत नाहीत. हुककृमीची अळी तर तोंडाची वाटच बघत नाही. १८९८ मध्ये कैरोत आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं, कातडी खाजली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात अंडी दिसली. तेव्हा कळलं, की ती अनवाणी पायातून शिरते. चपलांसाठी जगभर नाव असलेल्या जिल्ह्यात हे वाक्य लिहिताना कसंसंच होतं.

आता एक आक्षेप, जो हल्ली सुशिक्षित घरांतून येतो. "जास्त स्वच्छता केल्यानंच ॲलर्जी वाढल्यात. थोडे जंत असलेले बरे." व्हॉट्सॲपवर हे फिरतं तेव्हा त्यात अर्धं सत्य असतं, म्हणून खोडायला जड जातं. डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकानं १९८९ मध्ये मोठ्या कुटुंबातल्या धाकट्या भावंडांत गवतज्वर कमी असल्याचं दाखवलं, तिथून ही चर्चा सुरू झाली. गॅबनमधल्या मुलांत कृमींमुळे वाढलेलं इंटरल्युकिन-१० आणि ॲलर्जीचा कमी प्रतिसाद यांचा संबंध २००० मध्ये दिसला. हे खरंच आहे. पण जंत ॲलर्जीलाच शांत करतात आणि बाकी सगळीकडे फौज ताजीतवानी राहते, असं थोडंच आहे? इक्वेडोरमध्ये गोलकृमी असलेल्या मुलांना आधी अल्बेंडाझोल दिलं, तेव्हा तोंडावाटे दिलेल्या पटकीच्या लशीचा प्रतिसाद सुधारला. इथिओपियात क्षयाच्या बीसीजी लशीच्या बाबतीत असंच दिसलं. म्हणजे पोटात जंत ठेवून आपण महागाच्या लशींवर पाणी ओततोय. शिवाय आतड्याच्या दाहावर उपाय म्हणून डुकरातल्या चाबूककृमीची अंडी रुग्णांना पाजून पाहिली गेली, तर मोठ्या चाचण्यांत ती फसली. मातीत पोरांनी जरूर खेळावं. लाल मातीत लोळून इथे पिढ्या घडल्या. तालमीचा हौदा कुणी संडास म्हणून वापरत नाही, म्हणून तो चालतो. माती आणि मैला यांतला फरक ज्याच्या घरात फ्लश आहे त्यालाच कळत नाही, असं मला कधीकधी वाटतं.

मला काय हवं, ते रोखठोक सांगतो. पंचगंगेत आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांत प्रक्रियेविना सांडपाणी किती जातं, यावर आंदोलनं झाली, खटले झाले, कसबा बावड्याला आणि दुधाळीला प्रकल्प उभे राहिले. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा नदीच्या पाण्याची किंमत सगळ्यांना कळली. पण या सगळ्या मोजमापात जंतांच्या अंड्यांना जागा नाही. सांडपाण्यावर कच्ची खायची भाजी पिकवायची असेल तर एका लिटरमध्ये एकापेक्षा जास्त अंडं नसावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा १९८९ पासूनचा निकष आहे. नाल्याकाठच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांसाठी हे एकदा तपासून जाहीर करा. दोन खड्ड्यांच्या संडासाचा भरलेला खड्डा पुरता वाळायच्या आत उपसला तर अंडी जिवंतच शेतात जातात, हे गवंड्याला आणि घरमालकाला दोघांनाही सांगा. आणि शाळांतल्या तपासणीचा आकडा गोळ्यांच्या आकड्याशेजारी छापा.

घाई आणखी एका कारणानं आहे. मेंढ्यांतल्या जंतांवर अल्बेंडाझोलच्या घराण्यातली औषधं जगात ठिकठिकाणी निकामी झालीत, कारण ती मोजमापाविना वर्षानुवर्षं पाजली गेली. माणसात ती वेळ अजून तशी आलेली नाही. पण गोळी लागू पडेनाशी झाली, तर मोजत नसलेल्याला ते कळणार कसं?

आणि शाळेबाहेरच्यांचं काय? हुककृमी मोठ्या माणसांचा जंत आहे असं वर म्हणालो. आपला कार्यक्रम १९ व्या वर्षी थांबतो. गाळप हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात, संडास नसतो, बायका अंधारात उसातच जाऊन येतात. १० फेब्रुवारीला ही पोरं इथे असतात, पण पटावर तिकडच्या शाळेच्या. ऑगस्टमध्ये तिकडे. दोन्हीकडून निसटणं अगदी सोपं.

निवृत्त झाल्यावर एका डॉक्टर मित्राबरोबर शिरोळच्या बाजूला अशाच एका तळावर गेलो होतो. सूक्ष्मदर्शक बैलगाडीच्या जुवावर टेकवून बसवला, उजेड सूर्याचा. सात-आठ नमुने मिळाले, तेही खूप आर्जवं करून. पोरांना गोळ्या दिल्या. एक बाई बाजूला उभी होती, कडेवर तान्हं. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली तर आत गुलाबी म्हणून काही नव्हतं. तिच्या पट्टीवर मला हुककृमीची अंडी एका नजरेत सहा दिसली होती, पोरांच्या पट्ट्यांवर एवढी नव्हती.

"लेकरांना दिली, मला नाही का?" तिनं विचारलं.

बरोबरचा आरोग्यसेवक भला माणूस. त्याच्याकडच्या गोळ्यांचा हिशोब १९ वर्षांपर्यंतचा होता. त्यानं तिचं वय विचारलं. तिनं शेजारणीकडे बघितलं, शेजारणीनं तिच्याकडे, मग दोघी हसल्या. "लिही एकोणीस," शेजारीण म्हणाली. त्यानं लिहिलं आणि गोळी दिली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. सहा महिन्यांनी तिथे नांगरलेलं रान होतं, आणि पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्याच कारखान्याला गेली होती.